दादा, सावली शिल्लक ठेवायला शिकवलंत त्याबद्दल

दादा,

हे तुम्हाला एकट्याला पाठवलं असतं तर तुम्ही "बरं बरं, पुढचे फोटो पाठव" एवढं लिहून विषय संपवला असता हे मला पक्कं माहितीये, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय, आता पळता येणार नाही. शिवाय हल्ली माझे पुतळ्यांचे आणि जुन्या इमारतींचे एचडीआर फोटो (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम मिसळून केलेले) बघून लोक विचारतात की सॉफ्टवेअर कुठलं, आणि खरं उत्तर द्यायचं तर तुमच्यापासून सुरुवात करावी लागते, ते काय दोन ओळीत मावत नाही.

मी तुम्हाला पहिल्यांदा फाइल्स पाठवल्या त्या एका घोडेस्वाराच्या पुतळ्याच्या होत्या. ब्राँझचा पुतळा, मागे भगभगीत आकाश, म्हणजे आकाश धरलं की स्वार काळाठिक्कर आणि स्वार धरला की आकाश पांढरा कागद. म्हणून तीन फ्रेम घेतलेल्या, पहिली दोन स्टॉप कमी (स्टॉप हे उजेडाचं माप), दुसरी मधली, तिसरी दोन स्टॉप जास्त. माझा प्रश्न एवढाच की या एकत्र कशा करतात. तुम्ही उत्तर लिहिलंच नाहीत, दोन व्हर्जन करून पाठवलीत. एकात सगळं दिसत होतं, घोड्याच्या पोटाखालचं, टोपीच्या कडेखालचं, लगामाच्या वळ्यांमधलं, सगळं. दुसऱ्यात डोळ्यांच्या खोबणी आणि हनुवटीखालचा भाग जवळजवळ काळाच ठेवलेला. आणि खाली एकच ओळ, "कुठला चेहरा गोल वाटतो ते सांग."

दुसरा. अर्थातच दुसरा. पहिल्यातला चेहरा चपटा झाला होता, नाण्यावरच्या छापासारखा.

मग तुम्ही फोनवर जे समजावलंत ते मी आजपर्यंत कुठल्या ट्यूटोरियलमध्ये इतकं स्पष्ट ऐकलेलं नाही. शिल्पकार उजेड आणि सावलीचा हिशोब करूनच नाक किती पुढे काढायचं, भुवई किती खोल न्यायची ते ठरवतो, ब्राँझला स्वतःचा रंग जवळजवळ एकच, त्यामुळे आकार दिसतो तो फक्त सावलीमुळे, आणि आपण सावल्या उजळणारा शॅडोचा स्लायडर शेवटपर्यंत ओढला की त्याने घडवलेली खोलीच आपण भरून टाकतो. म्हणून ट्रायपॉड लावायच्या आधी ठरवायचं की काय काळं राहणार आहे. बाकी सगळं त्यानंतर. तुमच्याकडून मी हे एकच शिकले असते तरी पुरलं असतं असं मला मनापासून वाटतं.

पण तुम्ही तिथे थांबला नाहीत हो. मला "असं कर" सांगून चालत नाही, का ते कळल्याशिवाय डोक्यात बसत नाही, आणि तुम्ही कधी वैतागला नाहीत. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या आणि १४ बिटच्या रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये, १६,३८४, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, चांगला सेन्सर आयएसओ १०० ला साधारण १४ स्टॉपपर्यंत पकडतो, मग सूर्य समोर असताना कमानीच्या आतलं आणि बाहेरचं एका फ्रेममध्ये का बसत नाही हे तुम्ही मला कागदावर रेघा मारून दाखवलंत. आणि हेही सांगितलंत की सूर्य पाठीमागे असेल तर बहुतेक वेळा एक रॉ फाइल पुरते, उगाच ब्रॅकेटिंग (कमी-जास्त उजेडाच्या फ्रेम घेणं) करू नको, आधी हिस्टोग्राम, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा आलेख, बघ, दोन्ही टोकं आत असतील तर तीन फ्रेम घेऊन तू फक्त कार्ड भरतेयस. हे वाक्य ऐकून मी खूप हसले होते पण ते लागू पडतंच.

मला जुन्या गोष्टींची आवड आहे हे ओळखून तुम्ही मधेच इतिहासात शिरायचात. १८५० च्या दशकात गुस्ताव ल ग्रे समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी निगेटिव्ह घेऊन एकच प्रिंट काढायचा, म्हणजे ही भानगड कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची. मग १९९७ साली पॉल डेबेव्हेक आणि जितेंद्र मलिक यांनी वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातला मूळ उजेड गणिताने कसा काढायचा ते मांडलं. त्यानंतर प्रश्न उरला तो हा की एवढा उजेड साध्या स्क्रीनवर बसवायचा कसा, तिथे टोन मॅपिंग आलं. आणि २००७ मध्ये मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांचं एक्स्पोजर फ्यूजन, ज्यात मूळ उजेडाचं ते मधलं एचडीआर चित्र बनवायचंच नाही, प्रत्येक फ्रेममधला जो भाग नीट उजळलेला, रंगाला भरलेला आणि तपशिलाचा, त्याला जास्त वजन देऊन थेट मिसळायचं. हे कळल्यावर मला प्रोग्राममधली बटणं समजायला लागली, कारण कुठलं बटण यातलं काय करतंय ते माहिती झालं. पुतळ्यांना मी आता बहुतेक फ्यूजनच वापरते, तो जरा सौम्य असतो.

इमारतीच्या कडेला आकाशात ती पांढरट प्रभावळ येते ना, हेलो, तिचं कारणही तुम्हीच सांगितलंत. लोकल टोन मॅपिंग प्रत्येक पिक्सेल शेजारपाजारच्या सरासरीशी ताडून बघतं, काळ्या भिंतीजवळच्या आकाशाला शेजार काळोखा मिळतो म्हणून ते त्याला उजळच ठेवतं आणि लांबचं आकाश मात्र दाबतं, झाली प्रभावळ तयार. म्हणून जोर कमी ठेवायचा, किंवा आकाशाला वेगळा मास्क करून, म्हणजे फक्त तेवढाच भाग निवडून, तिथे एकाच फ्रेममधलं आकाश वापरायचं. ढग पळत असतील, झाडं हलत असतील तर तसंही तेच करावं लागतं, नाहीतर पानांची भुतं होतात.

प्रत्यक्ष जागेवरच्या तुमच्या सवयी तर माझ्या हातातच बसल्यात. अ‍ॅपर्चर (लेन्समधून उजेड आत येण्याची वाट) एफ ८ च्या आसपास ठेवून ते अजिबात हलवायचं नाही, फक्त शटर बदलू द्यायचं, कारण अ‍ॅपर्चर बदललं की फोकसची खोली बदलते आणि फ्रेम एकमेकींवर नीट बसत नाहीत. ऑटोफोकस करून लगेच मॅन्युअलला टाकायचं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणूनची रंगाची सेटिंग, एकच. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर स्टॅबिलायझर बंद, दोन सेकंदांचा टायमर. पोलरायझर फिल्टर काचेवरची चमक मारतो पण उघड्या धातूवरची मारत नाही, हे तर मला खोटंच वाटलं होतं, मग तुमच्यासमोर फिल्टर फिरवून बघितलं, काच शांत झाली आणि ब्राँझच्या खांद्यावरचा तो ठिपका जसाच्या तसा. त्या ठिपक्याला तसाच जळू द्यायचा, धातू ओला-चकचकीत वाटतो तो त्याच्यामुळेच, हेही तुमचंच. संगमरवराला मात्र उलट, तिथे पांढऱ्यातली बारीक रवाळ पोत हीच खरी संपत्ती आणि ती गेली तर नंतर कुठलाही स्लायडर परत आणत नाही, म्हणून सर्वात काळी फ्रेम संगमरवरासाठी म्हणूनच घ्यायची.

आणि एडिट करताना मधेच फोटो तात्पुरता ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचा, रंग गेल्यावर आकार उभा राहतो का ते तपासायचं, मग रंग परत आणायचे. ही युक्ती मी ज्याला त्याला सांगते आणि दर वेळी तुमचा उल्लेख करते. तांब्याचा हिरवा गंज सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवला की पोपटी होतो हेही याच तपासणीनंतर लक्षात येतं, कारण रंग परत आणला की डोळ्यात खुपतो.

एक गोष्ट मात्र मी अजून मानलेली नाही, आणि आभार मानता मानता भांडूनच घेते. तुम्ही फोटोतली माणसं पुसता. एकाच एक्स्पोजरच्या बऱ्याच फ्रेम घेऊन त्यांचा मीडियन, म्हणजे प्रत्येक ठिकाणची मधली किंमत, काढला की चालती माणसं गायब होतात, तुमच्या इमारती त्यामुळे फार देखण्या दिसतात हे कबूल. पण मला चौथऱ्यावर टेकून फोनमध्ये बघत बसलेला माणूस हवा असतो. त्याच्यामुळे पुतळा किती मोठा आहे ते कळतं, आणि शहरात पुतळे असेच असतात, कुणाच्या तरी पाठीमागे. मी डीघोस्ट करताना, म्हणजे हललेल्या गोष्टींची भुतं काढताना, मधल्या फ्रेममधला माणूस ठेवते, बाकीच्या फ्रेममधले काढते. तुम्ही नाक मुरडता, मुरडा.

इमारतींच्या बाबतीत तुमचा हात अजून जड पडतो माझ्यापेक्षा, म्हणजे चांगल्या अर्थाने. उभ्या रेषा सरळ करताना पूर्ण सरळ न करता किंचित आत झुकलेल्या ठेवायच्या, नाहीतर इमारत वरून फुगल्यासारखी वाटते, हे मी अजून डोळ्याने धरायला शिकतेय. चारही बाजूंनी जास्तीची जागा सोडून फोटो काढायचा हे तेवढं जमतं आता.

तुम्ही हे सगळं कशासाठी केलंत मला माहिती नाही. रात्री उशिरा माझ्या फाइल्स उघडून, लेयरला नावं देऊन, "इथे मास्क बघ", "इथे काही केलं नाही, मुद्दाम" अशा चिठ्ठ्या लिहून परत पाठवायच्या, याला वेळ लागतो. ते "मुद्दाम" लिहिलेले लेयर मी जपून ठेवलेत, काही न करण्याची जागा दाखवणारा शिक्षक मला दुसरा भेटला नाही. मनापासून आभार, दादा. खूप म्हणजे खूप.

आणि हो, आज संध्याकाळचा नवीन सेट पाठवतेय, निळं आकाश उतरतानाचा. दर्शनी भागावर दोन वेगळ्या रंगांचे दिवे आहेत, एक पिवळाजर्द आणि एक हिरवटसर पांढरा, मधल्या खांबावर दोन्ही मिसळतायत आणि व्हाइट बॅलन्स कुठल्याही बाजूला नेला तरी एक कोपरा आजारी दिसतोय. खिडक्यांसाठी वेगळी काळी फ्रेम घेतलीये. सवडीने बघा, घाई अजिबात नाही, पण खांबाजवळचा माणूस पुसू नका.

तुमची,
फाइल्स पाठवून पाठवून भंडावणारी