चिंच गेली आणि बेडकं लहान झाली

निपाणी,
१० जुलै

प्रिय दत्ता,

काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. त्यांना माझा नमस्कार सांग.

वीटभट्टीमागचा खड्डा आठवतो ना, चिंचेखालचा? रस्ता रुंद केला तेव्हा ती चिंच गेली. यंदा वळवाचं पाणी तिथं साचलं आणि रात्रभर बेडकांनी रान उठवलं. सकाळी अंडी तरंगत होती, शिजलेल्या साबुदाण्यासारखी. पण मृग कोरडाच गेला. भर दुपारी खड्ड्यात हात घातला तर पाणी आंघोळीचं असावं तसं गरम! मला राहवेना. थोडे बेडूकमासे घरी आणले.

वीस टाकले गच्चीवरच्या टबात, वीस परसात फणसाखाली. दोन्हीकडं सारखाच उकडलेला पालक. पाणी आटलं की रोज भर घालायचो, कारण पाणी कमी झालं तरी ही पिल्लं बेडूक व्हायची घाई करतात, आणि मला हिशेब फक्त उन्हाचा हवा होता. दुपारी गच्चीवर ३३ अंश, फणसाखाली २६.

गच्चीवरच्यांना कितीतरी आधी पाय फुटले. एकाचा पुढचा पाय बाहेर येताना मी पाहिला रे. आधी कातडीखाली कोपर हलताना दिसलं, मग डाव्या अंगाच्या श्वासाच्या भोकातून तेच पहिलं बाहेर आलं. त्यानंतर पालकाला कुणी तोंड लावीना. तोंड, आतडी सगळंच बदलत असतं तेव्हा. शेपटी अंगात जिरवून दिवस काढतात.

शेपटी गेली की मी एकेकाला मोजपट्टीवर धरायचो. गच्चीवरचं ११ मिलिमीटर भरलं, फणसाखालचं १४. उन्हानं वाढ होते, पण पाय फुटून बेडूक होण्याची घाई त्याहून जास्त होते. अंग भरायच्या आतच बेडूक तयार! हे काम थायरॉइडच्या रसाचं. १९१२ साली गुडरनाच नावाच्या शास्त्रज्ञांनी बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले होते.

काही जातींत गरम पाण्यातल्यांचे मागचे पायही अंगाच्या मानानं आखूड राहतात, म्हणजे उडी तोकडी. इवलं अंग चटकन सुकतं, मुंग्यांनाही सापडतं. मादी लहान राहिली तर पुढं अंडीही कमी. एक चिंच तोडताना हे कुणाच्या ध्यानात आलं असेल? मला फार वाईट वाटलं, दत्ता. पाणी आटणार असेल तर लवकर बाहेर पडणंच शहाणपणाचं, हे खरं. पण आपल्या वेळी त्याच खड्ड्यात सावलीत ती निवांत वाढायची.

झालेले सगळे ओढ्याकाठच्या गवतात सोडले. फणसाखालचे तिघे अजून शेपटीसकट आहेत. पाऊस आता लागलाय. रविवारी जमलं तर ये, ते तुझ्या हातानं सोडू.

तुझा,
शिवा