मशीन बंद, वॉरंटी चालू : केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय, सादर नमस्कार.

मी वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो आणि मकरपुरा जीआयडीसीत (गुजरातच्या सरकारी औद्योगिक वसाहतीत) एक लहान वर्कशॉप चालवतो. १९ मे २०२५ रोजी सकाळी माझ्या व्हीएमसी मशीनचा, म्हणजे धातू कापणाऱ्या संगणकचालित यंत्राचा, स्पिंडल (कापण्याचे हत्यार फिरवणारा दांडा) दुसऱ्यांदा गेला. आधी बारीक किणकिण ऐकू आली, मग घरघर सुरू झाली, आणि मशीन थांबवून हात लावला तेव्हा स्पिंडलचे तोंड चटका बसण्याइतके तापलेले होते. पंपाच्या ज्या केसिंगचे (बाहेरच्या कवचाचे) बोअरिंग, म्हणजे आतले भोक कातण्याचे काम, चालू होते, त्याच्या आत कंपाच्या रेषा उमटल्या होत्या. तो नग भंगारात गेला. विक्रेत्याने दुरुस्तीसाठी २ लाख ३५ हजार रुपयांचे कोटेशन पाठवले आहे, कारण वॉरंटी १६ दिवसांपूर्वी संपली, असे त्यांचे म्हणणे आहे.

ती कशी संपली, हे आपण कृपया तारखांनिशी पाहावे. मूळ कोटेशनच्या पाठीमागे छापलेल्या अटी मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचल्या, आणि त्याही कापण्याच्या पात्याची धार तपासण्याच्या भिंगातून, कारण साध्या डोळ्यांनी ती अक्षरे लागत नाहीत. मशीन सुरू करून दिल्यापासून १२ महिने किंवा कारखान्यातून रवाना झाल्यापासून १५ महिने, यांपैकी जे आधी संपेल तेवढीच वॉरंटी, असे तिथे लिहिले आहे. मशीन ३ फेब्रुवारी २०२४ ला रवाना झाले. ते सुरू करून द्यायला त्यांचा इंजिनिअर १२ जूनला उगवला. म्हणजे चार महिन्यांहून अधिक काळ मशीन माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभे होते, आणि दिरंगाई त्यांची असूनही दिवस माझ्या खात्यातून वजा होत होते. १८ मार्च २०२५ ला पहिल्यांदा स्पिंडल गेला. तो बसवून द्यायला ४१ दिवस लागले. २८ एप्रिलला मशीन पुन्हा चालू झाले तेव्हा वॉरंटीचे पाच दिवस उरले होते, आणि बदललेल्या भागालाही मूळ वॉरंटीच्या उरलेल्या मुदतीपलीकडे संरक्षण नाही, अशी पुढची अट आहे. नवा स्पिंडल, आणि त्याची हमी पाच दिवसांची! मशीन बंद असताना वॉरंटीची मुदत मात्र चालूच राहते, हे कुठल्या न्यायात बसते?

या मशीनसाठी मी २८ लाख रुपये मोजले, त्यातले २१ लाख बँकेचे. दरमहा ४५,७०० रुपयांचा हप्ता त्या ४१ दिवसांतही गेला. दोन्ही कारागिरांचे पगार मी दिले, पण ज्या कंपनीला केसिंग पुरवतो तिने ऑर्डर दुसरीकडे वळवली. वीस वर्षांची माझी पत त्या सहा आठवड्यांत गेली. या नुकसानीची भरपाई मागितली तेव्हा आणखी एक अट दाखवण्यात आली : उत्पादन बुडाल्याची कोणतीही जबाबदारी विक्रेत्यावर नाही. त्या रात्री पत्नीने विचारले की सही करण्यापूर्वी हे वाचले नव्हते का. खरे सांगायचे, तर वाचले असते तरी सही करावीच लागली असती, कारण मी चौकशी केलेल्या चारही विक्रेत्यांच्या अटी जवळजवळ शब्दशः सारख्या होत्या.

आपल्या खात्याने २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आणला, तेव्हा अन्याय्य करारांपासून संरक्षण मिळेल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. त्या कायद्यातल्या 'अन्याय्य करारा'च्या व्याख्येत सहा प्रकार आहेत. अवाजवी अनामत आहे, अवाजवी दंड आहे, पण यंत्र बिघडल्यावर हमीच्या मुदतीचे काय, याचा त्यात उल्लेख नाही. ग्राहकाला तोट्यात टाकणारी अवाजवी अट, अशा सहाव्या, मोघम प्रकारात माझे प्रकरण बसवायचे, तर तशी तक्रार वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाला ऐकता येत नाही. अहमदाबादला राज्य आयोगाकडे जावे लागते. तिथेही मी 'व्यापारी हेतूने' खरेदी केली, असे विक्रेत्याने दाखवून दिले, तर स्वतः मशीनवर उभा राहून पोट भरतो, हे मलाच सिद्ध करावे लागेल. उत्पादन दायित्वाचे, म्हणजे सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचे, प्रकरण उघडावे, तर 'हानी'च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे नुकसान आणि आर्थिक तोटा दोन्ही वगळलेले आहेत. १९३० च्या मालविक्री कायद्यात माल कामास योग्य असावा, ही गृहीत अट आहे खरी, पण त्याच कायद्याचे ६२ वे कलम ती करारातून काढून टाकण्याची मुभा देते. विधी आयोगाने १९८४ साली आणि पुन्हा २००६ साली अन्याय्य अटींवर अहवाल दिले. त्यांचे काय झाले? २०२२ मध्ये आपण दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढलेत, त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने आली; लहान कारखान्यातले मशीन नाही आले.

सरकार स्वतः खरेदीदार असते तेव्हा मात्र ते इतके भाबडे नसते. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांप्रमाणे पुरवठादाराची कामगिरीची अनामत वॉरंटीची जबाबदारी संपल्यावरही ६० दिवस सरकारच्या हाती राहते. जिल्हा रुग्णालयातल्या उपकरणांसाठी २०१५ च्या देखभाल कार्यक्रमात ९५ टक्के काळ चालू राहण्याचा निकष आहे, म्हणजे वर्षाला फार तर १८ दिवस बंद. माझे मशीन एका वेळी ४१ दिवस बंद होते. आणि मी मशीन रवाना होण्याआधीच पूर्ण रक्कम भरली होती, कारण त्याशिवाय ते ट्रकवर चढवत नाहीत. जी काळजी सरकार स्वतःसाठी घेते, ती नागरिकाला मिळू न देणारी व्यवस्था नेमकी कोणासाठी राबते, हे मला आपल्याकडून ऐकायचे आहे.

माझी मागणी मोठी नाही. वॉरंटी मशीन सुरू करून दिल्यापासूनच मोजावी, बंद असलेले दिवस तिच्यात मिळवावेत, बदललेल्या भागाला स्वतःची पूर्ण हमी असावी, आणि याविरुद्धची अट सहीनंतरही निरर्थक ठरावी. त्यासाठी व्याख्येत सातवा प्रकार जोडावा आणि तो ऐकण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला द्यावा.

मशीनवर पुन्हा ताडपत्री घातली आहे. येत्या ५ तारखेला पुढचा हप्ता जाईल. आपल्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
मकरपुऱ्यातील एक लघुउद्योजक