गाडी आली गं, आणि खंबाटकीची भीती गेली

प्रिय सोनू बाळा,

फोनवर तू दोनदा विचारलंस नवी गाडी कशीये, आणि मी नुसतं छानै म्हणून ठेवून दिला, आई शेजारी होती म्हणून. आज नीट लिहितो.

घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी उतरला, सेस धरून २९ टक्क्यांच्या जागी १८, चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीच्या आतली पेट्रोल गाडी असली की झालं. स्विफ्ट दोन्हीत बसते. म्हणून दसऱ्यापर्यंत थांबलो, आणि दसऱ्याला घरी आणली. लाल रंग आईनं निवडला. चाकाखाली लिंबं, नारळ, झेंडूचा हार सगळं तिनंच केलं.

इन्शुरन्सचं एक सांगतो, तुलाही पुढं उपयोगी पडेल. जुन्या अल्टोवर आपण इतकी वर्षं एकही क्लेम केला नव्हता, त्याबद्दलची हप्त्यातली ५० टक्के सूट, म्हणजे नो क्लेम बोनस, नव्या गाडीच्या पॉलिसीला लावून घेता येते (ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावरच मिळते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या हप्त्यावर नाही), पण शोरूमवाल्यानं तो बोनस कोटेशनमध्ये धरलाच नव्हता. मी विचारलं तेव्हा धरला. न विचारता कुणी देत नाही हे मला आवडलं नाही, स्पष्ट सांगतो.

आता खरं सांगायचंय ते. गेल्या रविवारी मावशीकडून पुण्याहून येत होतो, खंबाटकी घाटाच्या चढाला ट्रक बंद पडलेला, अख्खी लाईन उभी, पुढं कंटेनर, मागं एसटी अगदी चिकटून. अल्टोत असं झालं की मी काय करायचो तुला माहितीये, हँडब्रेक ओढायचा, हाफ क्लच धरायचा, इंजिन घरघरायला लागलं की हळूच सोडायचा, आणि तेवढ्या वेळात आई कडेचं हँडल धरून डोळे मिटून बसायची. मी काही बोलायचो नाही पण १४ वर्षं त्या चढाची मला भीती होती बाळा, गाडी मागं गेली तर काय, तुम्ही दोघी आत. परवा ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली, दोन सेकंद, तेवढ्यात क्लच सुटला अन् सरळ वर. हिल होल्ड म्हणतात त्याला. असं सात-आठ वेळा झालं. आईनं डोळे मिटले नाहीत, खिडकीतून दरी बघत होती.

तू सहा एअरबॅगसाठी वर्षभर मागं लागली होतीस, बरोबर होतं तुझं. अल्टोत एकही नव्हती आणि आपण मागं चौघं चौघं बसून कोल्हापूरला गेलोय. आता मागं बसणाऱ्यालाही बेल्ट लावायला लावतो मी.

इंजिन हिचंही तीन सिलिंडरचंच, सिग्नलला उभी असली की तसंच बारीक थरथरतं, त्यामुळं परकी वाटली नाही. मायलेज कंपनी २४.८ सांगते, मला साताऱ्यात १७ पडतंय, हायवेला २१. पुरे.

अल्टो वडूथच्या एका दूधवाल्यानं घेतली. आरसी त्याच्या नावावर झाल्याशिवाय मी निवांत बसलो नाही, तोवर जबाबदारी आपलीच असते. डॅशबोर्डवरचा गणपती काढून घेतला, मागच्या दारावरचा तुझ्या सायकलचा ओरखडा मात्र तिच्यासोबत गेला, त्याचं वाईट वाटलं.

दिवाळीला एसटीनं येऊ नकोस. मी पुण्याला घ्यायला येतो, घाटात तू चालव.

तुझा
बाबा