चित्रातला महिना विचारणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,

नाव छापू नकोस, अशी तुमची अट आहे. ती पाळतो. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण माझ्यासारखे थ्रीडीवाले, म्हणजे घर बांधण्याआधीच त्याचं हुबेहूब चित्र कॉम्प्युटरवर करणारे, रोज स्क्रीनवर जंगलंच्या जंगलं उभी करतात आणि त्यांतल्या फारच थोड्यांना वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाई भेटतात.

राजापूरकडच्या सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावरच्या, घराचं काम आलं तेव्हा माझ्या लायब्ररीत, म्हणजे झाडांच्या तयार मॉडेलांच्या साठ्यात, ओक, मेपल, बर्च हवे तेवढे होते. आमची बरीचशी सॉफ्टवेअरं युरोपातली. लुमियन नेदरलँड्सचं, कोरोना प्रागचं. माड आणि ताड त्यात मिळतात, पण ऐन, किंजळ, कुंभा शोधून सापडत नाहीत. मी तुमच्याकडे आलो तो झाडांची यादी मागायला. तुम्ही उलट मलाच विचारलंत, "चित्र कुठल्या महिन्याचं?"

आमच्या धंद्यात वेळ विचारतात, महिना कुणी विचारत नाही. संध्याकाळचे पाच, तिरपं ऊन, पुढे हिरवंगार गवत. क्लायंट खूश, विषय संपला. गंमत म्हणजे सूर्य तेवढा अगदी तारखेनुसार चालतो. अक्षांश-रेखांश भरले की मेच्या पहिल्या पंधरवड्यात राजापूरला भर दुपारी तो डोक्यावर येतो आणि झाडाची सावली बुंध्याशी गोळा होते. झाडांना मात्र मे लागलाय हे सॉफ्टवेअरमध्ये कुणी सांगत नाही. ती बारा महिने टवटवीत.

म्हणून आम्ही एकाच कोनातून तीन चित्रं केली : ऑगस्ट, डिसेंबर आणि एप्रिल. एप्रिलच्या चित्रात गवत वाळून पिवळं पडलं, सावर निष्पर्ण झाली आणि पश्चिमेच्या पडवीपुढे काढलेला बहावाही पानं झडून उभा राहिला. ऊन थेट पडवीत. आर्किटेक्टनी ते पाहिलं आणि बहावा फाटकाशी नेला. पश्चिमेला आता बकुळ आणि फणस येणार आहेत, दोन्ही सदाहरित. तुमच्या एका प्रश्नाने पडवीचं ऊन अडलं. बकुळ वाढायला वेळ घेते, हेही तुम्हीच बजावलंत, म्हणून फणस आधी लावणार.

पानांचं तर काय सांगू! आमच्याकडे पान म्हणजे एक चपटा तुकडा, त्यावर फोटो चिकटवलेला. त्यातून उजेड किती आरपार जाऊ द्यायचा, याचा एक आकडा असतो. तो नसला की झाडाखालून पाहताना पानं काळीठिक्कर दिसतात, म्हणून सगळे एकच आकडा सगळ्या झाडांना लावून मोकळे होतात. तुम्ही अंगणात फणसाचं जून पान उन्हासमोर धरलंत. मधली शीर तेवढी पिवळसर उजळली, बाकी पान जाड आणि गडद. मग कुसुंबाची कोवळी पालवी धरलीत, तर अख्खं पान लाल पेटलं. त्या दिवसापासून प्रत्येक झाडाला आणि पालवीला आकडा वेगळा.

ऐनाच्या सालीचे फोटो तुम्ही पाठवलेत ते ढगाळ सकाळी काढलेले, शेजारी फूटपट्टी ठेवून. उन्हात काढले तर भेगांमधली सावली फोटोत येते आणि मग रेंडरमधला, म्हणजे तयार चित्रातला, सूर्य कुठेही असो, खोडावर ती तशीच राहते. हे मी फक्त एकदा बोलता बोलता म्हटलं होतं. मगरीच्या पाठीसारखी ती साल आता पायवाटेच्या चित्रात अगदी जवळून दिसते.

सड्यावर गवत पसरतानाही तुमचंच ऐकलं. स्कॅटर, म्हणजे झाडंगवत आपोआप पसरणारं साधन, लावलं की गवत गालिच्यासारखं सगळीकडे सारखं उगवतं. जांभ्यावर माती असते ती खाचांत आणि खोलगट जागी, म्हणून गवतही तिथेच. मध्ये काळा उघडा कातळ. पाणी साचतं तिथे ऑगस्टमध्ये सीतेची आसवं आणि गेंद ही सड्यावरची रानफुलं. करवंदीच्या जाळीतून एखादं झाड वर आलेलं, कारण तिथे गुरांचं तोंड पोचत नाही. हा सगळा नकाशा मी हाताने रंगवला.

आणि रोपांची गोष्ट. छोटा आंबा हवा असला की आम्ही मोठाच आंबा लहान करतो. हजारो झाडं दाखवायला तेच एक मॉडेल फिरवून, कमीजास्त करून वापरायचं, म्हणजे कॉम्प्युटरची मेमरी पुरते. तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "अरे, याची पानं चिंचेएवढी झाली की!" खरंच, रोपाची पानं काही झाडाच्या प्रमाणात लहान होत नाहीत. रोपांचं मॉडेल मग वेगळं केलं.

ऑस्ट्रेलियन बाभूळ चित्रात ठेवली म्हणून तुम्ही नाराज आहात, ठाऊक आहे. पण ती साईटवर खरोखरच आहे, बाई.

डिसेंबरच्या चित्रातली किंजळ अजून मनासारखी झालेली नाही. फळांनी आख्खं झाड तांबूस दिसतं म्हणालात, तो रंग मला विटकरीकडे झुकलेला वाटतोय. सोबत दोन छटा पाठवतो. कुठली ठेवू ते कळवा.

तुमचा,
थ्रीडीवाला