बारीच्या चढावर थांबलेल्या टेम्पोवाल्या दादांचे आभार

मागच्या शनिवारी घोटीहून भंडारदऱ्याला निघालो होतो. गाडी म्हणजे बाबांची पंचवीस वर्षांची व्हॅन, मागची सीट काढून गादी टाकलेली. बारीच्या अलीकडे टेंपरेचरचा काटा वर गेला आणि सीटखालून वाफ यायला लागली. रेडिएटरचा होज फाटला होता. अंधार पडलेला, मोबाइलला रेंज नाही, समोर १६४६ मीटरची कळसूबाई नुसती काळी.

टोमॅटोचे रिकामे क्रेट नेणारा एक टेम्पो थांबला. मी घाईने झाकण उघडायला गेलो, तर दादांनी हातच धरला. "भाजून घेता का साहेब? निवू द्या." अर्धा तास आमच्याबरोबर बसले. मग सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून होजवर ताणून गुंडाळली, वरून तार आवळली, स्वतःच्या प्यायच्या कॅनमधलं पाणी भरलं. झाकण मुद्दाम सैल ठेवायला लावलं, म्हणजे प्रेशर साठून पट्टी सुटायची नाही.

त्यांचं घर बारीतच. तरी शेंडीपर्यंत आमच्या मागे हेडलाइट लावून आले. पैसे घेतले नाहीतच, उलट क्रेटच्या तळाशी राहिलेले चार टोमॅटो लेकीच्या हातात ठेवले. ते रात्री खिचडीत पडले.

गडबडीत नाव विचारायचं राहिलं. दादा, पट्टी पार ठाण्यापर्यंत टिकली. मनापासून आभार.