शाल-श्रीफळ नको, बिल वेळेवर काढा

मा. संपादकसाहेब, सप्रेम नमस्कार,

सध्या आपल्या कोल्हापुरात पर्यावरणाचं काम करणाऱ्या छोट्या उद्योगांना प्रोत्साहन द्यायची लाटच आलीय. कुठं स्पर्धा, कुठं कार्यशाळा, कुठं सत्कार, आणि मागं भला मोठा फ्लेक्स (तो प्लास्टिकचाच, पण ते जाऊ दे). मी उद्यमनगरात छोट्या उद्योगांची अकाउंट्स आणि जीएसटीची कामं बघतो, त्यात अशी पण दोन-चार मंडळी आहेत, निर्माल्याचं खत करणारा महिला बचत गट, कापडी पिशव्यांचं युनिट, पाचटाच्या (उसाच्या वाळलेल्या पाल्याच्या) जळणाच्या कांड्या करून विकू बघणारा एक तरुण पोरगा. यांच्या वह्या बघितल्या की कळतं की ही माणसं काम जमत नाही म्हणून अडकलेली नाहीत, झालेल्या कामाचे पैसे येत नाहीत म्हणून अडकलीत.

निर्माल्याचंच घ्या. गणपतीत महापालिका कुंडं, काहिली ठेवते, लोक पण आता मनापासून मूर्ती आणि निर्माल्य देतात, त्याबद्दल कोल्हापूरकरांना मानलं पाहिजे. पण ती ट्रॉली गटाच्या शेडवर रिकामी होते तेव्हा त्यात नुसती फुलं नसतात हो. हारातला नायलॉनचा दोरा, टाचण्या, थर्माकोल, अगरबत्तीची पाकिटं, गाठ मारलेल्या कॅरीबॅगेत कुजलेला प्रसाद, कधीकधी देवाच्या जुन्या फोटोची फुटकी काच. बायका खाली बसून हातानं एकेक दोरा ओढून काढतात कारण दोरा राहिला की तो श्रेडरच्या (बारीक तुकडे करायच्या मशिनच्या) ब्लेडला गुंडाळतो आणि मशिन बंद. या कामाची मजुरी रोजच्या रोज द्यायची, शेण आणि कल्चर रोखीनं आणायचं, खत व्हायला दीड-दोन महिने, चाळायचं, पोती भरायची, मग ते एका कार्यालयाच्या बागेसाठी जाणार आणि बिल जाऊन टेबलावर बसणार. "फाईल वर गेलीय", "साहेब मीटिंगला", "आता मार्च एंडनंतर बघू". कागदावर गट फायद्यात आहे बघा, आणि श्रेडरच्या हप्त्याची तारीख आली की अध्यक्षबाईंच्या घरातलं सोनं गहाण पडतंय.

आता आपल्याच जिल्ह्यात बघा. गोकुळ दूध संघ 1963 सालचा, आणि तो गावागावात रुजला तो काय भाषणांनी नाही, दहा दिवसाला दुधाचं बिल येतं म्हणून. त्या बिलाच्या भरवशावर बाई दुकानात उधारी करते, पोराची फी भरते, दुसरी म्हैस घेते. उसाला तर 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच 14 दिवसांत पैसे द्यायचं बंधन आहे, आणि ते पाळलं नाही की आपल्याकडं काय होतं हे मी सांगायला नको, रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लागतात. दुधाला दहा दिवस, उसाला चौदा, मग निर्माल्याच्या खताला, कापडी पिशवीला तारीखच का नाही?

कायदा नाही असं नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं लिहिलंय, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण महिन्याच्या चक्रवाढीनं. वर 1 एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्सचं 43बी(एच) हे कलम आलं, म्हणजे या मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही. त्यानं खाजगी पार्ट्या जरा सरळ झाल्या हे मी स्वतः बघतोय, मार्चमध्ये फोनवर फोन येतात, "किती बाकी आहे सांगा, टाकतो". पण महापालिका, ग्रामपंचायत, सरकारी ऑफिस यांना कुठला आलाय धंद्याचा इन्कम टॅक्स, त्यांना हा चाप बसतच नाही. थकलेल्या बिलाची सरकारच्या ऑनलाईन पोर्टलवर तक्रार करता येते, पण ज्यांच्याकडून पुढच्या वर्षी परत ऑर्डर पाहिजे त्यांच्यावर तक्रार करणार कोण? आणि हिरव्या उद्योगांची गंमत अशी की त्यांचं मोठ्यातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकारी खातंच असतं, कचरा, नाला, तलाव, बाग, सगळं त्यांच्याकडंच.

बाहेर जे टिकले ते याच गाठीवर उपाय काढून टिकले असं माझं मत आहे. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेनं 2008 ला महापालिकेशी करार केला, त्यात दारोदारच्या कामाचे पैसे थेट घरांकडून दर महिन्याला मिळतात आणि भंगार विकून येतं ते त्यांचंच, म्हणजे मजुरी फाईलीवर लटकत नाही. आपल्याकडं लगेच कोणीतरी म्हणणार, आम्ही घरफाळा भरतोय की, वेगळे पैसे कशाला. ठीक आहे, मग त्या घरफाळ्यातून तरी वेळेवर द्या. दुसरं बंगळुरूची सेल्को, 1995 पासून गरिबांना सोलर विकतीय. नुसतं पॅनेल विकलं असतं तर कोणी घेतलं नसतं, त्यांनी ग्रामीण बँकांना सोबत घेतलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात पैसा जसा येतो तसा हप्ता बसवला. सेल्कोच्या हरीश हांडे यांना 2011 ला मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो नंतर, आधी हप्त्याचं गणित. आपल्याकडं उलटं चालू आहे, आधी पुरस्कार.

पाचटाचं तर मला खरंच वाईट वाटतं. पुण्याच्या आरती संस्थेला, डॉ. आनंद कर्वे यांच्या, उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याबद्दल 2002 ला ॲश्डेन पुरस्कार मिळाला, थेट लंडनचा. आणि आज पण हंगामात शिरोळ, करवीर, हातकणंगल्याकडं संध्याकाळी जा, फड पेटवलेले दिसतील. तंत्र आहे, माल फुकट पडलाय, मग अडतंय कुठं? उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं जनावरांना जातं, पण पाचट हलकं आणि पसरट, ट्रॉली भरली तरी वजन भरत नाही, वाहतुकीतच सगळे पैसे जातात. म्हणून दाबून गठ्ठे बांधणारं मशिन, म्हणजे बेलर पाहिजे, बेलरला कर्ज पाहिजे, आणि बँक विचारते माल घेणार कोण. ते बरोबरच विचारते की. कारखान्यानं किंवा एखाद्या फाउंड्रीच्या कँटीननं "हंगामात एवढा माल या दरानं घेऊ" एवढं लेखी दिलं तर बँकेचा सूर बदलतो. (काही शेतकरी पाचट न जाळता रानातच कुजवतात, ते सगळ्यात चांगलं, त्यांच्याकडनं काढून न्यायला कोणी सांगत नाही.) छोट्या उद्योगाच्या ठराविक रकमेपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका असं रिझर्व्ह बँक सांगते, शाखेत मात्र पहिला प्रश्न सात-बाऱ्याचा.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचं, नाव सगळे घेतात, पण तो पैसा कंपनी स्वतः खर्च करते नाहीतर ट्रस्ट, नोंदणीकृत संस्था, सेक्शन 8 (नफा न वाटणारी) कंपनी अशांच्या मार्फत, माझ्या पाचटवाल्या पोराच्या एकट्याच्या मालकीच्या धंद्याला देणगी म्हणून मिळत नाही. सोशल स्टॉक एक्स्चेंज (सामाजिक काम करणाऱ्यांना पैसा उभारायला शेअर बाजारातला वेगळा विभाग) तर किमान 50 लाखांच्या इश्यूचं काम, आमचे बचत गट तिथं पोचेपर्यंत शेडचं भाडं थकेल. आणि मशिनसाठी सबसिडीच द्या असं पण मी म्हणणार नाही, सबसिडीत आलेली मशिनं ताडपत्रीखाली गंजलेली बघितलीत, थ्री फेज नाही, नाहीतर माल घ्यायला कोणी नाही.

म्हणून मागणी साधी आहे. केंद्राच्या खात्यांना आणि सरकारी कंपन्यांना 25 टक्के खरेदी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची आहे, त्यातले 3 टक्के महिलांच्या उद्योगांकडून. आपल्या महापालिकेनं, जिल्हा परिषदेनं, देवस्थानानं असंच काहीतरी स्वतःहून ठरवावं, नको कोण म्हणालंय? टेंडरमध्ये तीन वर्षांचा अनुभव आणि लाखांची उलाढाल मागितली की बचत गट दारातच बाद होतो, म्हणून छोट्या कामांना ती अट काढा. वर्क ऑर्डरवरच बिलाची तारीख छापा, आणि मजुरीपुरता ॲडव्हान्स कामाआधी द्या. तलावातलं केंदाळ (जलपर्णी) काढायचं काम असो नाहीतर खत, नियम एकच ठेवा.

आणि पुढच्या सत्काराच्या आधी संबंधित कार्यालयांनी एकदा तुमच्याच पेपरात छापून टाकावं, पर्यावरणाचं काम करणाऱ्या किती छोट्या उद्योगांची बिलं थकलीत, किती रुपयांची आणि कुठल्या तारखेपासून. आकडा त्यांच्याकडं आहे, आमच्या वह्यांशी ताडून बघायला आम्ही तयार आहोत.

आपला,
उद्यमनगरातला एक अकाउंटवाला
कोल्हापूर