मशीन गेलं, पैसे आले

आईसाठी ऑनलाइन मागवलेलं शिलाई मशीन सांगलीत आमच्या दारात आलंच नाही, मोबाईलवर मात्र 'डिलिव्हर्ड'! कंपनी म्हणे कुरिअरला विचारा, कुरिअर म्हणे कंपनीला. ७,२०० रुपयांवर मी पाणी सोडलंच होतं.

हरभट रोडवरच्या झेरॉक्सवाल्या काकांनी माझं रडगाणं ऐकलं नि म्हणाले, "भांडत बसू नको, १९१५ ला फोन लाव." ग्राहक हेल्पलाइनवरच्या ताईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करावं लागतं, हेही त्यांनीच सांगितलं. पण खरी कमाल कुरिअरच्या गोदामातल्या पोराची. त्यानं नोंदीतली सही काढून दाखवली: इंग्रजीत, झोकदार. आमची आई सही करते मराठीत, एकेक अक्षर सुटं, आणि शेवटी टिंब द्यायला कधी विसरत नाही! दोन्ही सह्यांचे फोटो तक्रारीला जोडले, अकराव्या दिवशी पैसे खात्यात. (पोराचं नाव लिहीत नाही, उगाच त्याच्या नोकरीवर यायचं.)

तिघांचेही मनापासून आभार. आणि काका, झेरॉक्सचे सहा रुपये तुम्ही घेतलेच नाहीत. आई भडंग घेऊन येतेय.